टोकाची सोडून

दोर विकताना दादा एक वाक्य हमखास बोलतो. गिऱ्हाईक गाठी मोजायला लागलं, की याने तोंड उघडलंच म्हणून समजा. "टोकाची सोडून मोजा." आमच्या दोराला दर पाच वावांवर (दोन्ही हात फैलावले की एक वाव) एक गाठ असते, म्हणजे घेणाऱ्याला नुसतं चाचपून दोराची लांबी कळते. पण पीळ उसवू नये म्हणून अगदी टोकाला आणखी एक गाठ मारावी लागते. ती मापात धरायची नाही. आमच्या वडिलांनी हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसवलं होतं, की एकदा तापाने फणफणलेला असताना डॉक्टर त्याची नाडी मोजायला बसले, तर हा ग्लानीतच पुटपुटला, टोकाची सोडून. डॉक्टरांना काही कळेना. मी आणि वहिनी मात्र त्या काळजीतही तोंडाला पदर लावून हसलो होतो.

तिघांचं घर आमचं. नवरा गेल्यावर मी माहेरी आले आणि इथलीच झाले. दादा पहाटे माळावर जाऊन घायपाताची पानं कापून आणतो. ती ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली दाबून कुजवायची, मग मोगरीने ठेचून, धुऊन त्यांचा वाख, म्हणजे धागा, काढायचा. ठेचायचं काम वहिनीचं. त्या रसाने कोपरापर्यंत अशी खाज सुटते, की नवी माणसं दोन दिवसांत पळून जातात. वहिनीच्या हातांची कातडी आता भाजलेल्या वांग्यासारखी झाली आहे. मी अंगणाच्या एका टोकाला चाक फिरवते, आणि ती दोघं कमरेला वाख बांधून, बोटांतून तो सोडत सोडत मागे मागे चालत जातात. जन्मभर उलटं चालणारी माणसं, असं मी त्यांना चिडवते.

माळ सगळ्या गावाचा. कोणाच्या शेळ्या तिथे चरतात, कोणी सरपण आणतं, पण आमचं तर पोटच त्याच्यावर आहे. माळ गेला तर आमच्याकडे चाक राहील, हात राहतील, वळायला काही राहणार नाही. आणि तिथे खडीची खाण करायचं सरकारच्या मनात आलं.

सभा शाळेच्या पटांगणात झाली. उन्हाने जमीन तापली होती आणि वारा धूळ उडवत होता. शहरातून आलेला साहेब चांगलं बोलला. म्हणाला, सरकार काय आकाशातून पडलेलं नाही, तुम्हीच निवडून दिलेलं आहे, तुम्हाला नको असेल ते होणार नाही. मग म्हणाला, ज्यांना खाण नको त्यांनी हात वर करा. हातच हात वर गेले. लोहाराचा तर असा ताठ गेला, की मागच्याला पुढचं दिसेना.

वहिनीला हात रिकामे ठेवणं जमत नाही. तिच्या मांडीवर दोरीचा एक तुकडा होता, टोकाची गाठ मारून तयार. तिने पहिल्या रांगेपासून मोजायला सुरुवात केली. एक हात, एक गाठ. थुंकीने ओली करायची, ओढायची, पुढची. आमच्या रांगेशी आली तेव्हा दोरी धरलेलाच हात तिने वर केला, खाली आणला आणि स्वतःची गाठ मारली. तिच्या शेजारी दादा होता, त्याच्या शेजारी मी. साहेबाने एकदा इकडून तिकडे पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो गाडीत जाऊन बसला. वहिनीचं मोजून झालं तेव्हा गाडीची धूळसुद्धा बसली होती. एकशे सतरा, ती म्हणाली.

चौथ्या दिवशी कचेरीच्या भिंतीवर कागद लागला. मास्तरीणबाईंनी तो मोठ्याने वाचला. उपस्थित दीडशे. विरोध अकरा.

पहिल्यांदा सगळे हसले. लोहार म्हणाला, अकरा तर माझ्या एकट्याच्या घरात आहेत. पण हसून झाल्यावर कोणी घरी जाईना. तू हात वर केला होतास ना, मी केला होता, मग तू केला होतास का, असं सुरू झालं. दूधवाली म्हणाली, पलीकडच्या आळीने ऐन वेळी हात खाली घेतले असतील. पलीकडची आळी म्हणाली, तोंड सांभाळ. घरी जाताना माणसं एकमेकांकडे नवीनच ओळख झाल्यासारखी बघत होती.

त्यानंतरच्या आठवड्यात लोहाराच्या दुकानी दोन माणसं आली. त्यांनी परवाना मागितला. त्याच्या बापाने, आजाने तिथेच लोखंड तापवलं होतं, परवाना कधी कोणी विचारला नव्हता. त्यांनी भाता उचलला, त्याची पावती लिहून दिली आणि नेला. खाणीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. गावाने आपापलं समजून घेतलं. त्या अकरांत लोहार आहे, असं जो तो म्हणायला लागला, आणि आपण नसू या आशेने थोडा हलकाही झाला. मला तेव्हा सगळ्यांचा संताप आला. एकशे सतरा हात वर करणाऱ्या गावाला आता ती अकराच माणसं खरी वाटायला लागली होती.

मास्तरीणबाईंनी वर अर्ज केला, की मोजणी चुकली आहे, गावात दोरी आहे, तिच्यावर एकेका हाताची गाठ आहे. उत्तर घेऊन कारकून आमच्या अंगणात आला. मोठे साहेब पंधरवड्याने, सोमवारी, स्वतः तपासणी करतील. नोंदीत आणि दोरीत एकाचाही फरक निघाला, तर नियमाप्रमाणे सभा पुन्हा घ्यावी लागेल. दोरी जपून ठेवा. हे सगळं त्याने वाचून दाखवलं, चांगलं वाचून दाखवलं, आणि कागदाची घडी करता करता सहज विचारलं, "कोणती गाठ कोणाची, हे सांगता येतं का?"

"येतं की," वहिनी म्हणाली. "रांगेने मारल्यात."

तिला धंद्यातला प्रश्न वाटला. तिने धंद्यातलं उत्तर दिलं. कारकून मान हलवून गेला, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की दोरवाल्या वहिनीकडे सगळ्यांची नावं आहेत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लोहार आला. एवढा आडदांड माणूस, पण दारात वाकून उभा राहिला. दोर बघायला आलो म्हणाला. दोन दोर चाचपून झाले, त्यांचं कौतुक झालं. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, पुढच्या रांगेतली तिसरी आपली ना. वहिनीने हो म्हटलं. तो अंगणातल्या मातीकडे बघत राहिला. भाता परत देतो म्हणतात, एवढंच म्हणाला.

वहिनीने मोगरी बाजूला ठेवली, हात धुतले, आत जाऊन दोरी आणली. वाखाची गाठ एकदा सुकली की सहज सुटत नाही. तिने अणकुचीदार लाकडी खुंटी गाठीत घातली, हळूहळू हलवत ती सैल केली आणि त्याच्या डोळ्यांदेखत सोडली.

"सोडलीस तू?" मी तो गेल्यावर ओरडले. "त्याची पहिली होती सोडायची?"

"हात त्याचा आहे," ती म्हणाली. "मी कोण ठेवून घेणारी?"

मग रांग लागली म्हणा ना. दूधवाली आली, शिंपी आला, पाटबंधाऱ्याचा राखणदार आला. सगळ्यांना अचानक दोर हवा होता. एवढी गिऱ्हाइकी आमच्या दारात जन्मात झाली नव्हती, पण नेला कोणी एक हातभरही नाही. शिंपी म्हणाला, त्याने माशी हाकलायला हात वर केला होता. राखणदार म्हणाला, आपण मुलाला हाक मारत होतो. मी विचारलं, मुलगा तर तुमच्या मांडीवर होता ना? तो कसनुसा हसला, आणि मला बरं वाटलं. माझी जीभ त्या दिवसांत फार सुटली होती. येणाऱ्याचं कुंपणाबाहेरूनच स्वागत करायची, या, सुटका करून घ्यायला आलात का म्हणून.

दोन-चार दिवसांनी मात्र माझी थट्टा आटली. सुताराची बायको आली आणि तिची गाठ सुटताना नुसती बघत उभी राहिली. हलक्या आवाजात म्हणाली, वहिनी, माझा हात खरंच वर होता का गं, मला आठवतच नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. त्या रात्री मी अंथरुणावर पडून माझा हात वर गेला तो क्षण पुन्हा पुन्हा आठवून बघितला. ऊन आठवलं, धूळ आठवली, हात जरा अंधुक झाला होता.

आणि समोरच्या ओट्यावर एक अनोळखी माणूस येऊन बसायला लागला. सकाळी यायचा, संध्याकाळी जायचा. जवळ वही होती, पण लिहिताना कधी दिसला नाही. पाणी मागायला आमच्याकडेच आला, अगदी नम्रपणे. आमच्या अंगणात कोण येतं, कोण जातं, एवढंच त्याला दिसत होतं. पण दादाच्या बोटांतून वाख सरळ सुटेना. दोरात कुठे फुगवटा, कुठे बारीक. मागे चालताना तो सारखा वळून बघायचा. तीस वर्षं न बघता चालणारा माणूस एकदा आमच्याच पाणी भरायच्या हंड्याला अडखळून पडला. त्या माणसाने ओट्यावरून विचारलं, लागलं का हो? दादा म्हणाला, नाही नाही. गुडघ्यातून रक्त येत होतं.

माळावर मोजणीवाल्यांनी चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. घायपाताच्या ओळींमधून आरपार. तिथून आणलेल्या पानांना चुना लागलेला असायचा, तो ओढ्यात धुतला जायचा आणि पाणी पांढरं व्हायचं.

रविवारी दिवस मावळायच्या आत वहिनी दोरी घेऊन उंबऱ्यावर बसली. मी म्हटलं, किती? तिने बोटं फिरवली. तिचा चेहरा बदलला. पुन्हा फिरवली.

"अकरा," ती म्हणाली.

तीन आमच्या, एक मास्तरीणबाईंची, एक म्हाताऱ्या सुईणीची, दोन गुराखी भावांच्या, आणि अशाच चार जणांच्या, ज्यांच्याकडून न्यायला कोणाकडे काहीच नव्हतं. सरकारने खोटा आकडा लिहिला होता आणि गावाने पंधरा दिवसांत तो खरा करून दाखवला होता. मला रडूच आलं.

वहिनीचं बोट दोरीच्या टोकाशी थांबलं होतं.

"पण गाठी बारा आहेत," ती म्हणाली.

दादाला उमगायला वेळ लागला. "ती टोकाची."

"ते आपल्याला माहीत. साहेबाला नाही. एकाचाही फरक निघाला तर सभा पुन्हा घ्यायची, असं कागदात आहे." ती त्याच्याकडे बघत राहिली. "उद्या तुम्ही काही बोलायचं नाही. त्याला मोजू द्यायचं. बारा म्हणाला की आपण मान हलवायची."

"ते खोटं होईल."

"एकशे सतराचे बारा सांगणं खोटं असेल तर असू दे. पुन्हा सभा झाली आणि सगळ्यांनी एकदम हात वर केले, तर कोणाला कोणाची भीती वाटणार नाही. एकेकट्याने आले म्हणून घाबरले ते. माळ वाचायचा तर हीच वाट आहे."

दादाने मान हलवली. तिने त्याच्याकडून तीनदा कबूल करून घेतलं.

सोमवारी सकाळी कचेरीची खोली माणसांनी भरली होती, आणि आत न मावलेली खिडकीशी उभी होती. डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता. मोठे साहेब वयस्कर होते, अंगाने बारीक, बोलायला मऊ. त्यांनी वहिनीला बसायला खुर्ची दिली. तिने कधी कचेरीत खुर्चीवर बसून पाहिलं नव्हतं, ती अगदी कडेला टेकली. साहेबांनी अर्ज वाचला, भिंतीवरच्या कागदाची प्रत समोर ठेवली, आणि म्हणाले, बघू या दोरी. वहिनीने ती पदराखालून काढून टेबलावर ठेवली. कारकून साहेबांच्या खांद्याशी उभा होता. दादा भिंतीला पाठ लावून उभा होता, ओठ घट्ट मिटून.

साहेबांनी चष्मा वर केला, दोरीचं टोक चिमटीत धरलं आणि पहिल्या गाठीवर बोट ठेवलं.

"एक," ते म्हणाले.

"टोकाची सोडून मोजा, साहेब."

साहेबांनी मान वर केली. "म्हणजे?"

दादा पुढे आला होता. गिऱ्हाइकाला सांगावं तसं तो हौसेने सांगायला लागला, की पीळ उसवू नये म्हणून ती मारावी लागते, मापात ती धरत नाहीत, आमच्या वडिलांपासून. मग त्याला वहिनीचा चेहरा दिसला. शब्द त्याच्या तोंडातच सुकले. तोंड तसंच उघडं राहिलं, आणि आपल्याच तोंडाला दुसऱ्या कोणी वापरल्यासारखा तो आमच्याकडे बघायला लागला.

"प्रामाणिक माणूस आहात," साहेब म्हणाले. त्यांनी ती गाठ सोडून पुढच्या मोजल्या. अकरा भरल्या. त्यांनी पुन्हा मोजल्या आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "नोंदीशी तंतोतंत जुळतं."

मास्तरीणबाई उठल्या. म्हणाल्या, साहेब, दोरीवर बोट फिरवून बघा, सोडलेल्या गाठींच्या वाकणी जागोजाग आहेत, त्या मोजा. साहेबांनी खरंच बोट फिरवलं. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांना त्या लागल्या, हे मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांनी वहिनीला विचारलं, "या कोणी जबरदस्तीने सोडवून घेतल्या का?"

वहिनीने खिडकीकडे पाहिलं. लोहार होता, शिंपी होता, सुताराची बायको होती. एकेक जण खाली बघायला लागला. तिच्या एका शब्दाने त्यांतल्या प्रत्येकाच्या दारात दोन माणसं जाणार होती.

"नाही," ती म्हणाली. "ज्याने त्याने आपणहून येऊन सोडवून घेतल्या."

"मग मी आहेत त्याच मोजणार," साहेब म्हणाले, आणि त्यांनी सही केली. उठता उठता कारकुनाला म्हणाले, या अकरांची नावं नोंदीला जोडावी लागतील, दुपारी यांच्याकडे जाऊन लिहून घ्या.

आम्ही घरी आलो. कालचा वाख वाळून तयार होता, म्हणून मी चाकाशी बसले आणि त्या दोघांनी कमरेला वाख बांधला. चार-पाच वाव झाले असतील. दादा थांबला. पीळ त्याच्या बोटांशी येऊन गुंतायला लागला, तरी तो हलेना.

"नावं लिहून घेणार म्हणाला," तो म्हणाला.

मला वाटलं वहिनी भडकेल, आज तिला तो अधिकार होता. पण तिने कमरेचा वाख सोडला, आत गेली आणि दोरी व खुंटी आणून त्याच्यासमोर ठेवली. त्याने खुंटी उचललीच नाही. उकिडवा बसून त्याने आपली गाठ दातांत धरली आणि ओढत राहिला. हिरडीतून रक्त आलं, तेव्हा ती सुटली. तो तोंड पुसत चाकापलीकडे जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. त्याची मला दया आली नाही. घृणा आली, आणि त्या घृणेच्या आड मी किती सुरक्षित बसले होते, ते वहिनीने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला कळलं.

ओट्यावरचा माणूस उठून उभा राहिला होता. रस्त्याच्या वळणावर कारकून दिसत होता, बगलेत वही. मी पंधरा दिवस एकेकाला काय काय बोलले होते, ते सगळं मला आठवत होतं. विधवा बाई, भावाच्या घरात राहणारी, उद्या दोन माणसं येऊन माझ्याबद्दल काय विचारतील, तेही दिसत होतं. माझी बोटं चाकाचा दांडा सोडून दोरीकडे गेली.

"हात तुझा आहे," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने खुंटी माझ्याकडे सरकवली.

माझी गाठ तिच्या गाठीपासून दुसरी होती. मधे दादाची, आता नुसती ओली वाकण. मी सोडली. नखं दुखेपर्यंत सोडत होते, आणि सुटली तेव्हा कारकून अंगणात आला होता. वहिनी तिथेच बसून राहिली, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर.

कारकुनाने वही उघडली. एकेक गाठ दाखवा आणि नाव सांगा, म्हणाला. साहेबांसारखंच त्याने दोरीचं टोक चिमटीत धरलं आणि पहिल्या गाठीवर बोट ठेवलं. ही कोणाची, त्याने विचारलं. सकाळचं तो विसरला असावा, किंवा नसावा. दादा भिंतीशी बसला होता, तो या वेळी गप्प राहिला. वहिनीही गप्प राहिली. पहिल्याच नावाला यादी अडली. कारकून वर बघायला लागला, आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे, आणि माझ्याकडेच बघत राहिला.

"टोकाची सोडून," मी म्हणाले.